उजव्या खांद्यावरचा पदर

लीला : पण गुजराती पदर कशाला, कौमुदी? लग्नाला चाललोय का आपण?

कौमुदी : अगं आजी, आपला पदर डाव्या खांद्यावर जातो. आजोबांची पदकं उजवीकडे लावायचीत.

लीला : सोसायटीचा सत्कार तो! कारगिल झालं आणि सगळ्यांना यांची आठवण आली. पाठीवर लावलीस तरी कोण बघतंय?

कौमुदी : फतेगंजच्या छावणीतून आर्मीवाले येणारेत, ते बघतील. हलू नकोस ने! आधी वीरचक्र, पासष्टचं. आपल्या नॅट विमानातून पाकिस्तानचं सेबर पाडलं, त्याचं. मग समर सेवा स्टार, मग रक्षा मेडल. एकाहत्तरचं एकही नाही?

लीला : मी घ्यायला गेले नाही. ते आले की घेतील.

कौमुदी : ...पिन दे.

लीला : फोटोत तर त्यांच्या डावीकडे आहेत.

कौमुदी : ज्याला मिळाली तो डावीकडे लावतो. नातेवाइकांनी उजवीकडे.

लीला : कुणाच्या नातेवाइकांनी?

कौमुदी : नियम आहे तसा.

लीला : कौमुदी.

कौमुदी : गेलेल्यांच्या.

लीला : काढ.

कौमुदी : आजी, अठ्ठावीस वर्षं झाली. त्यांच्या सुखोई विमानाला गोळा लागला तेव्हा ते इतके खाली होते, की पॅराशूट उघडायला पुरेशी उंचीच...

लीला : तुझं फिजिक्स कॉलेजात ठेव. प्रतापसिंहराव शेजारच्या विमानात होते. छत्री उघडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. या खुर्चीत बसून सांगितलंय मला. त्यावर हे मंगळसूत्र आहे गळ्यात.

कौमुदी : त्यांनाच विचारलं मी.

लीला : काय विचारलंस?

कौमुदी : आजचे पाहुणे तेच ना. सकाळी फोन केला. म्हटलं, आजीला पदकं लावायचीत, कुठल्या बाजूला लावू? म्हणाले, उजव्या.

लीला : थोडं थांबून म्हणाले?

कौमुदी : नाही. लगेच.

(खाली रिक्षाचा हॉर्न.)

कौमुदी : ओ भाई, बे मिनिट ऊभा रहो ने! ...आजी, मी काढते. डबीत ठेवू. साडीपण आपल्यासारखी नेसवते.

लीला : राहू दे.

कौमुदी : नको ना. चुकलं माझं.

लीला : तुझं काय चुकलंय? मधलं वाकडं झालंय, ते सरळ कर. प्रतापसिंहरावांना समोरून नीट दिसू दे.

कौमुदी : आणि मग?

लीला : मग विचारीन, छत्री उघडली होती का.