श्वास रोखा

— नको, त्या खोक्याची चिकटपट्टी आत्ता फोडू नकोस. तुमच्या अल्बमची तीनशे कव्हरं आहेत, कुठे पळून जात नाहीत. आधी बस. त्या स्टुलावर नको, तो एका पायाने लंगडा आहे — पुठ्ठ्याच्या थप्पीवर बस, माझं सगळं गिऱ्हाईक तिथेच बसतं. एकटाच आलास ना? फोनवर मी मुद्दाम म्हटलं, एकटा ये, सगळी वरात नको, सही एकाचीच लागते. — सही कसली म्हणजे? आहे एक कागद. देते. पाणी पितोस? नको? बरं. दम लागला का रे जिन्याने? तीनच तर मजले आहेत. — नाही, सहज विचारलं.

हे घे, हे नमुन्याचं आहे, हे उघड. हळू. काळा पुठ्ठा, त्यात कापून काढलेल्या बरगड्या, आणि फटींतून आतला पांढरा कागद दिसतो. ह्या बरगड्यांनी माझा काय जीव खाल्ला ते माझं मला माहीत. पुठ्ठ्याला रेघ असते, लाकडाला असते तशी. रेघेच्या आडवं बारीक कापलं की पट्टी तुटते. पहिल्या पन्नासातल्या वीस कव्हरांच्या बरगड्या मोडल्या. पुठ्ठा कापायचे साचे करणारा आमचा माणूस वैतागला. म्हणाला, "बाई, सुखाने बुटांचे खोके करायचे सोडून हे कुठलं झेंगट गळ्यात घेतलंत." मी म्हटलं, सव्वीस वर्षं बुटांचे आणि औषधांचे खोके केले, स्वतःची छाती घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं माझ्याकडे. करून तर बघू. मग पुठ्ठाच फिरवून घेतला, रेघ बरगड्यांच्या दिशेने केली — आता मोडत नाहीत. ओढून बघ. — बस, बस, इतक्या जोरात नको. ढोलताशा बडवायचा हात तुझा.

आणि आत हे चार पारदर्शक कागद, एकेकावर एकेकाचा एक्स-रे. तुमची गाणारी इथेच बसली होती पहिल्या दिवशी, तू बसलायस तिथेच. म्हणाली, "मावशी, एक्स-रे काढताना ते सांगतात बघा, श्वास घ्या, श्वास रोखा — तेच अल्बमचं नाव. आणि चारही कागद एकावर एक ठेवले की चौघांचा मिळून एक माणूस दिसला पाहिजे." खोटं कशाला बोलू, मला आवडलं. तुमची गाणी मला कळत नाहीत, फार आदळआपट असते, पण हे आवडलं. त्या आठवड्यात मी उभ्या उभ्या जेवायची, इतकी ह्यात घुसले होते. आणि तुम्ही चौघं खालून दिवा लागतो त्या टेबलाभोवती — कुणाच्या बरगड्या वाकड्या, कुणाचं पोट आत — शाळेतल्या पोरांसारखे खिदळत होतात. मीही हसले. त्या उंच गिटारवाल्याचं चित्र तर फिल्ममध्ये मावलंच नव्हतं, खालचा भाग बाहेर. मी म्हटलं, ह्याला दोन फिल्मा जोडून शिवायला लागणार.

ते एक्स-रे त्या उंच्याच्याच मित्राने काढले ना? त्या मशिनीवर असतो तो. जेवणाच्या सुट्टीत, चौघांचे एका फटक्यात. — मग डॉक्टरने पाहिले का कुणी? — नाही ना. रिपोर्ट वगैरे नाहीच. हो, मला माहीत होतं, तरी एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण कशाला विचारीन? माझ्याकडे ती चित्रं म्हणून आली. चित्राला कोण रिपोर्ट मागतं? आणि वरच्या कोपऱ्यात तुमची नावं होती बारीक अक्षरांत, ती डोळ्यांना टोचत होती म्हणून मीच मशीनवर पट्ट्या कापून टाकल्या. कचऱ्यात. कुठली कुणाची हे लिहून ठेवण्याचंही सुचलं नाही मला, इतकी मी शहाणी.

आता मी सांगते ते ऐक, मध्ये बोलू नकोस. सलग सांगितलं नाही तर मला सांगताच येणार नाही. — चारातल्या एका फिल्मवर एक डाग होता. पांढुरका, धुरकट, रुपयाएवढा. मला वाटलं, माझंच बोट लागलं असेल, माझ्या बोटांना कायम सरस. ओल्या फडक्याने पुसलं, जाईना. म्हटलं मशिनीतच काही असेल. चौघांना एकावर एक ठेवलं की तो डाग नेमका नजरेत यायचा आणि सगळं चित्र मळकट दिसायचं. मग मी तो कॉम्प्युटरवर काढून टाकला. बाजूचा काळा रंग उचलायचा, डागावर भरायचा, बाजूचा उचलायचा, भरायचा — अर्धा तास बसले असेन. इतकं सफाईदार काम झालं की माझीच मी खूश. तीनशे प्रती छापून घेतल्या तशाच. चौघांच्याही छात्या अगदी लख्ख.

— थांब ना. थांब म्हणते ना. येतेय तिथेच.

नऊ दिवस झाले. काम संपलं होतं, फिल्मा तुम्हाला परत द्यायच्या म्हणून पाकिटात भरत होते. भरता भरता एक खिडकीसमोर धरली, उगीचच, शेवटचं बघावं म्हणून. आणि तशीच धरून राहिले. कॉम्प्युटरवर बघताना नाही कळलं, तिथे मी रंग बघत होते. पण खिडकीच्या उजेडात, हातात फिल्म, अशी — अशी मी माझ्या बाबांची धरायची. वीस-एकवीसची असेन. दोन वर्षं त्यांच्या फिल्मा मीच वागवल्या, दवाखान्यात मीच न्यायची, मीच आणायची. डॉक्टर पेनाचं टोपण टेकवून दाखवायचे, हे बघा, हे इथे. तेच ठिकाण. वरच्या अंगाला, गळ्याजवळच्या हाडाखाली. तसाच धुरकटपणा. मी ते विसरले होते म्हणायचं, पण माझे हात विसरले नव्हते.

बाबांना कुणी सांगितलं नाही. आई म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस, धसका घेतील. मी नाही बोलले. ते विचारायचे, काय म्हणाला डॉक्टर? मी म्हणायची, थोडी सूज आहे, उतरेल. त्यांनी त्या दिवाणखान्यातल्या कपाटाला नवीन कडी बसवली, नवे बूट घेतले, म्हणाले पुढच्या वर्षीपर्यंत सैल होतील. आणि मी मान डोलावत होते. शेवटी त्यांना कळलंच, कळत नाही असं थोडंच असतं. तर मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "तू तरी सांगायचंस." एवढंच. रागावले नाहीत. — मी हे कुणाला सांगत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं कधी. तुला का सांगत बसलेय कोण जाणे.

म्हणजे बघ, मला चांगलं माहीत होतं गप्प बसून काय होतं. आणि तरी मी नऊ दिवस गप्प बसले. रोज फोन उचलायची, ठेवायची. म्हटलं मी पुठ्ठेवाली बाई, मला काय कळतं छातीतलं? चुकीचं निघालं तर चार पोरांना उगाच हादरवून सोडायचं? तुमचा कार्यक्रम तोंडावर आलाय, म्हटलं होऊन जाऊ दे. — ते खोटं आहे. कार्यक्रमाचं कारण मी नंतर शोधलं. मला भीती वाटत होती, बस. कुणाचा चेहरा समोर येईल आणि मला त्या चेहऱ्याकडे बघून बोलावं लागेल, त्याची भीती. परवा कटर हातातून सटकला, हे बघ, अंगठा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग म्हटलं आधी निदान कुणाची आहे ते तरी कळू दे. गाणारीची नाही, ती लहानखुरी, तिची फिल्म तर लगेच ओळखू येते. उंच्याची मावलीच नव्हती. राहिले दोघं — तो जाड तारांची गिटार वाजवतो तो, आणि तू. आणि त्या डागवाल्या फिल्ममध्ये दुसरी एक खूण होती. डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड कधीतरी मोडून पुन्हा जुळलेलं, मध्ये गाठ आलेली. काल तो इथे आला होता पोस्टरचे कागद घ्यायला. मी त्याला चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले, आणि गंमत केल्यासारखं विचारलं, काय रे, लहानपणी कधी हाडबीड मोडलं होतं का? तो हसला. म्हणाला, "छे हो मावशी, मी कसला पडतोय, मी भित्रा. पडला तो आमचा ड्रमवाला. आत्याच्या घराच्या छपरावरून. सहा आठवडे हात गळ्यात होता, एका हाताने ताटल्या बडवायचा."

ते हसत हसत सांगत होता तो. मला पण हसावं लागलं.

— हो. तिथेच. हात काढ तिथून, चाचपून काही कळत नाही. ते हाड जुनं आहे, त्याचं काही नाही. ते बरं झालेलं आहे.

आता ऐक. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही, बाबांना सगळे तेच म्हणायचे. काल तो गेला, मी शटर ओढलं आणि फिल्म घेऊन बाबांच्या त्याच डॉक्टरांकडे गेले. आता म्हातारे झालेत, चष्म्यावर भिंग धरून बघतात. तासभर रांगेत बसले, पाकीट मांडीवर. ते सारखं उघडत-मिटत होते, ते बघून शेजारची बाई म्हणाली, तुम्ही आधी जा आत. त्यांनी फिल्म लावली, बघितली, विचारलं, कुणाची? मी म्हटलं, ओळखीचा मुलगा आहे. खोकतो का? मी म्हटलं, माहीत नाही. वजन उतरलंय? माहीत नाही. ते चिडले. म्हणाले, "बाई, मला फिल्म कशाला दाखवता, माणूस दाखवा. हे चार प्रकारचं काहीही असू शकतं. त्यातलं एक गोळ्यांनी जातं. पण घरी बसून ह्यातलं काहीच जात नाही." अगदी असंच म्हणाले, मी येताना जिन्यात तीनदा घोकलं, एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको म्हणून. — गोळ्यांनी जातं, हेही म्हणाले. ते मी माझ्या मनाचं नाही जोडलेलं.

खोकतोस का तू? — किती दिवस? — आणि महिनाभर खोकतोयस तर कुणाला बोलला नाहीस? धुळीचं वाटलं. हो, वाटतंच. आणि हा पट्टा, हे नवीन भोक पाडलेलं दिसतंय पट्ट्याला. मघाशी तू बसलास तेव्हाच बघितलं मी. जिन्याचं विचारलं ते सहज नव्हतं विचारलेलं.

काय? — कव्हरवरची? कव्हरवर तुझीच आहे, तिसरा कागद. फक्त — हो. मी पुसलेली. तिथे तुला काहीही झालेलं नाहीये. असं बघू नकोस माझ्याकडे. सगळे तीनशे परत छापीन मी हवे तर, नको असतील तर नको, तुम्ही चौघं ठरवा, पण ते आजचं काम नाही. ठेव ते खाली. ठेव, चुरगळेल.

नाही, गाणारीला आत्ता फोन लावू नकोस. जाताना लाव. नाहीतर ती इथे येईल, उंच्या येईल, सगळे बसून चर्चा करत बसतील आणि तिकडे दवाखाना बंद होईल. सहापर्यंत बसतात ते. आत्ता पावणेचार झालेत. मी तुझं नाव लावून ठेवलंय, सकाळीच. पाचवा नंबर. ही तुझी फिल्म, हे पाकीट. सहीचा कागद वगैरे काही नाहीये, तो मी बनवला होता तुला बोलवायला.

— आई कुठे असते तुझी? लांब. बरं. आत्या? तीच का, छपरावाली? तिला कळवू, आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. आणि ते जे काही म्हणतील ते तुझ्यासमोरच म्हणतील, मी त्यांना बजावून आलेय. बाजूला घेऊन मला काही सांगायचं नाही. मी ऐकणारच नाही.

काहीतरी बोल. शिवी दे हवी तर. नऊ दिवस ही बाई गप्प बसली म्हणून दे.

काय? — हो. भीती वाटतेय मला. तुला सगळं कळायचंय अजून, म्हणून तू नुसता बसलायस. मला मात्र आत्ता ते दवाखान्याचं बाकडं दिसतंय, त्याचा हिरवा रंगसुद्धा. टेबलाला धरून उभी आहे मी. पण त्याने काय होतं. ऊठ. खोके राहू देत इथेच. मी येतेय बरोबर, तुला विचारत नाहीये. दिवा बंद कर त्या टेबलाखालचा, आणि चल. आता बोलू नकोस माझ्याशी, रस्त्यात पण नको. चल.