कागदावरच्या दोन बायका

मंचावर मधोमध बसलेले आपल्या मंडळाचे अध्यक्ष माननीय अंशुमन देवधर साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते विनायक कारखानीस आणि त्यांच्या सौभाग्यवती उल्का, समोर बसलेले दिल्लीतल्या आर. के. पुरमचे झाडून सगळे सेक्टर, आणि मागं दाराशी उभं राहून म्हातारीचं कधी संपतंय नि ढोकळा कधी येतोय याची वाट बघणारी स्पर्धा परीक्षेची पोरं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी कुमुद विष्णू भोईटे. धीरज भोईट्यांची आई. शिक्षण तिसरी पास. हे भाषण माझ्या नातीनं, रुचितानं, लिहून घेतलंय. शब्द माझे, अक्षर तिचं. तिनं मधेमधे चांगलं मराठी घालून ठेवलं होतं, ते मी काढायला लावलं. मला वाचता येतं. पण आज माझी ओळ चुकेल म्हणून कागद तिनं धरलाय. नजरेनं नाही. भीतीनं. कसली भीती, तेच सांगायला उभी राहिलेय.

निरोपाच्या भाषणात माणूस कसा देवमाणूस होता ते सांगायची पद्धत आहे. विनायक देवमाणूस नाही. विनायक कारकून आहे. अवर सचिव म्हणून रिटायर झाला असेल, पण हाडाचा कारकून. उल्का, तू हसतेयस, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

आपल्यातल्या निम्म्यांनी त्याच्याबरोबर पानिपतला प्रवास केलाय. दर जानेवारीला मंडळाची बस काला अंबला, तिथल्या लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला, जाते. धुकं एवढं की स्वतःचा हात दिसत नाही. नमस्कार झाला, हार झाला, पोरांची भाषणं झाली, माणसं बसमध्ये येऊन बसली, की हा पुढं उभा राहून पॅडवरची यादी वाचणार. प्रत्येकानं 'हजर' म्हणायचं. एका वर्षी मी मागच्या सीटवर पेरू खात बसले होते. नाव आलं, मी काही बोलले नाही. चाळीस मिनिटं बस थांबली. हा माणूस मफलर गुंडाळून त्या धुक्यात "कुमुदकाकू, कुमुदकाकू" करत सगळं मैदान फिरून आला. परत आला तेव्हा मी पेरूचा देठ खिडकीतून टाकत होते.

"काकू, हजर म्हणायला काय जातं?"

"दिसतेय की मी!"

"दिसणं वेगळं आणि यादीत बोलणं वेगळं," म्हणाला.

मी सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "कारकुंड्या!" बस हसली. मी सगळ्यांत जास्त हसले.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महाराष्ट्र दिनाला याच हॉलमध्ये पोरांचा वादविवाद ठेवला होता. विषय मतदार याद्यांच्या फेरतपासणीचा. आशय उठला. तो काय तिथं, खांबाला टेकून. चांगला बोलतो पोरगा, कलेक्टर होईल कदाचित. गरिबांकडं कागद नसतात, म्हातार्‍यांकडं नसतात, बायकांकडं नसतात, असं बरंच बोलला. मला राहवलं नाही. मी उठले आणि माईक ओढून घेतला.

काय म्हणाले ते तुम्हाला पाठ आहे, कारण तो व्हिडिओ तुम्हीच फिरवलात. मी म्हणाले, घर झाडायचं म्हटल्यावर धूळ उडणारच. माझी सासू मेली त्यानंतर तीन निवडणुकांत तिचं मतदान झालं. जिवंतपणी ती बाई उंबरा ओलांडत नव्हती, मेल्यावर बूथवर जायला लागली! असली यादी ठेवायची का? देश आहे की धर्मशाळा? फुकटची वीज हवी, फुकटची बस हवी, आणि एक कागद दाखवायला सांगितला तर लगेच अन्याय? मी आजही बसमध्ये बायकांचं ते फुकटचं गुलाबी तिकीट घेत नाही, पैसे देते. कंडक्टर म्हणतो, "माताजी, क्यों परेशान करती हो?" मी म्हणते, परेशान तर परेशान. आणि शेवटी म्हणाले, "ज्याचं नाणं खरं, त्याला भीती कसली?"

टाळ्या! अध्यक्षसाहेब, तुम्हीही वाजवल्यात. तो व्हिडिओ दोन दिवसांत गावाकडं फलटणला पोचला. माझे कागद मात्र तिकडून इकडं यायला दीड महिना लागला.

कारण पुढं आमच्याही घरी मतदार यादी तपासणाऱ्या बीएलओ बाई आल्या. सरकारी शाळेतली मास्तरीण, पोरगीच, उन्हानं लाल झालेली. मी तिला सरबत दिलं आणि ऐटीत सगळे कागद पुढं टाकले. तिनं उलटेपालटे केले. म्हणाली, "माताजी, पुरानी लिस्ट में और स्कूल के कागज में शेवंता मारुती खराडे है. बाकी सब में कुमुद विष्णू भोईटे. ये तो दो औरतें हो गईं."

मी हसले. म्हटलं, दोन्ही मीच. ती हसली नाही. तिनं खाली मान घालून काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी नोटीस आली, सुनावणीची.

तुम्हा बायकांना सांगायला नको, पण ह्या दिल्लीत वाढलेल्या पोरांना सांगते. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवर्‍यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माहेरची शेवंता त्या ताटात कुमुद झाली. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती. नंतर त्या तांदळाची खीर झाली, सगळ्यांनी खाल्ली. माझ्या नावाचा दाखला लोकांच्या पोटात गेला म्हणा.

पुढं धीरज दोन वर्षांचा असताना हे गेले. सासरी जमलं नाही. मी माहेरी आले. माहेरी मी शेवंताच. मतदार यादी करायला गुरुजी आले तेव्हा भाऊ ओसरीवर होता, त्यानं सांगितलं, "लिहा, शेवंता मारुती खराडे." मी आत भाकरी थापत होते. दिसत होते की! कुणी हाक मारली नाही, मीही बाहेर आले नाही. पुढं धीरजला दिल्लीत नोकरी लागली, त्याच्या कागदांवर आईचं नाव कुमुद, म्हणून मी परत कुमुद. भाऊ गेला, गुरुजी गेले. शेवंताची कुमुद होताना ज्यांनी बघितली, ती माणसं एकेक करून संपली.

नोटीस मी पोळ्यांच्या डब्यात फडक्याखाली लपवली. धीरज सरकारी नोकर. त्याची आई कोण, हेच सरकारला कळेना, हे त्याला कसं सांगू? दारावरची बेल वाजली की मी मोरीत जाऊन नळ सोडायची. पार्कात जाणं बंद केलं. पार्कातल्या बायका म्हणायला लागल्या, "भोईटे आंटी आजकल पॉलिटिक्स पे बोलती नहीं." बोलू काय? आणि खरं सांगू, सरकारपेक्षा मला ह्या आशयची जास्त भीती वाटायची. म्हटलं, कळलं की पोरगं खांबाला टेकून हसेल.

शेवटी मी विनायककडं गेले. त्याच्या रिटायरमेंटला चार दिवस राहिले होते. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, तू गॅझेटेड ऑफिसर. शेवंता आणि कुमुद एकच, मला स्वतःला माहीत आहे, असं लिहून सही-शिक्का मार. नाहीतर वर कुणाला तरी एक फोन कर.

तो कागद त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, "काकू, मला माहीत नाही ना. पंधरा वर्षं मी तुम्हाला कुमुदकाकू म्हणून ओळखतो. शेवंता मी आज ऐकतोय."

"अरे, मी सांगतेय ना!"

"तुम्ही सांगताय म्हणून मला पटलं. पण मला माहीत आहे असं लिहिणं खोटं होईल."

"तुझं काय जातंय? तू तर चाललास!"

"चाललोय म्हणूनच," म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते उल्कानं आतून ऐकलंय. कारकुंडा हा त्यातला सगळ्यांत गोड शब्द. जिन्यानं उतरताना तिसर्‍या पायरीवर माझं मलाच कळलं, की मी वशिला मागायला आले होते. मी! दुसर्‍याला फुकटचं गुलाबी तिकीट मिळालं की जिच्या पोटात दुखतं, ती.

दुसर्‍या दिवशी सकाळी साडेआठला हा दारात. हातात पॅड. रजा टाकून आला होता. नोकरीचे शेवटचे तीन दिवस, लोक ऑफिसात केक कापतात. ह्यानं माझ्याबरोबर निवडणूक कचेरीच्या रांगेत काढले. धीरजलाही त्यानंच सांगायला लावलं. धीरज म्हणाला, "आई, पोळ्यांच्या डब्यात?" एवढंच म्हणाला.

रांगेत माझ्या शेजारी एक मुसलमान बाई होती, इथं पलीकडं मुनीरक्याला शिवणकाम करते म्हणाली. तिची फाईल लग्नाच्या अल्बमएवढी जाड. आजोबांपासूनचे सगळे कागद, एकेक प्लास्टिकमध्ये. माझ्या हातातल्या पिशवीकडं बघून म्हणाली, "अम्मा, बस इतनाही?"

मी विचारलं, "तू इतना क्यों रखती है?"

"हमसे पूछते रहते हैं," म्हणाली.

मला चौर्‍याहत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं तिच्या डब्यातलं लोणचं दिलं, ते खाल्लं.

विनायक रांगेत उभा राहून फोन लावत होता. माझ्या माहेरच्या शाळेला, सासरच्या ग्रामपंचायतीला, कुठं कुठं. तिसर्‍या दिवशी दुपारी त्यानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "कोण, कुमुद?"

भानुमती. माझी नणंद. ऐंशीच्या पुढं आहे. मी सासर सोडलं तेव्हापासून आमचा शब्द नव्हता. मला वाटलं होतं, गेली असेल. तिला वाटलं होतं, मी गेले असेन. दोघींनी एकमेकींचं मनातल्या मनात सुतक धरून सोडून दिलेलं.

मी म्हटलं, "वन्सं, माझं नाव बदललं ते आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? ताट मीच धरलं होतं. तुझा नवरा लिहिताना हात हलवत होता, तांदूळ सांडत होते. मी अंगठ्यानं दाबून धरलं होतं." वर म्हणाली, "तू तेव्हाही अशीच फणकारून बोलायचीस."

तिनं तिकडं तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. सही येत नाही, अंगठा दिला. ताट धरलेला तोच अंगठा. तो कागद परवा आला. ह्या पिशवीत आहे. पिशवी मी आता आंघोळीला जातानाही बरोबर नेते. हसा, हसा.

तर मंडळी, सुनावणी उद्या अकरा वाजता आहे. तो अंगठा चालेल की नाही, विनायकही सांगू शकत नाही. तो म्हणतो, "काकू, नियमात बसतंय असं मला वाटतं." वाटतं! पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून 'वाटतं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि माझी झोप उडाली. पुण्याला कायमचं जायची त्यांची तिकिटं आजची होती. ती रद्द करून त्यानं परवाची काढली.

आशय, पुढं ये, लपू नकोस. मी माझं मत बदललेलं नाही. यादी साफ झालीच पाहिजे. मेलेल्या सासवा बूथवर जाता कामा नयेत, आणि आगंतुकांनी माझ्या देशाचा राजा ठरवता कामा नये. हे मी उद्या नाव कटलं तरी म्हणेन. माझ्यासाठी नियम वाकवा, असंही म्हणणार नाही. एकदा म्हणून बघितलं, अजून लाज वाटते. पण मी तांदूळ निवडत जन्म काढलाय. सुपातून खडा फेकताना चार दाणेही जातात. निवडणारीनं खाली वाकून ते उचलायचे असतात. पाखडता येतं पण वाकता येत नाही, तिच्या हातात सूप देऊ नये. आणि रीतीभाती जपा, जपा म्हणून आपणच ओरडतो ना? मग रीतीनं दिलेलं नाव पाळलं, तर ते माझ्या गळ्यात का यावं? उल्का म्हणते, नाव बदलायची रीतच वाईट. ती शिकलेली आहे. मी म्हणते, रीत असू दे, पण सरकारला ती माहीत असू दे.

त्या दिवशीचं एकच वाक्य मी आज परत घेते. 'ज्याचं नाणं खरं, त्याला भीती कसली?' माझं नाणं खरं आहे. आणि मी भ्यालेय. एवढी मी नवरा गेला तेव्हा भ्याले नव्हते. तेव्हा निदान मी कोण, हे मला माहीत होतं.

आता आवरतं घेते. अध्यक्षसाहेब दोनदा घड्याळ बघून चुकलेत. बोलायची संधी दिली त्याबद्दल मंडळाचे आभार, ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमचे, आणि ढोकळा गार होऊ दिलात त्याबद्दल पोरांचे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारीचं तोंड म्हणून सोडून द्या. विनायक, त्या दिवशी तुझ्या घरी बोलले ते सगळं मागं घेते. फक्त कारकुंड्या मागं घेत नाही. तो शब्द आता मानाचा आहे. पुण्याला सुखानं राहा, आणि तिथंही बस मोजत जा.

जाता जाता एकच मागणं. भानुमतीनंतर ते तांदळाचं ताट बघितलेलं कुणी उरणार नाही. काला अंबला दरवर्षी आपण नमस्कार करतो. तिथं बायाही मेल्या, त्यांची यादी कुणाकडं आहे? म्हणून म्हणते, आज इथं शंभर-सव्वाशे माणसं बसलीत, डोळे-कान शाबूत असलेली. वशिला नको. नुसतं ऐका, आणि ऐकलेलं लक्षात ठेवा. तू पॅड आणलं नसशील तरी चालेल, विनायक. उभा राहा. पानिपतला मारायचास तशी मोठ्यानं हाक मार. कुमुद म्हणून नको. जुन्या नावानं मार, बापाच्या नावासकट.

हजर.