वेशीत पडलेला बूट

...आणि तो बूट माझा नव्हताच हो! मेहुण्याचा होता, नवाकोरा, करकर वाजणारा! तुम्हाला सांगतो, मी गेलो होतो लेकीचं स्थळ मोडायला. 'नाही' म्हणायचं आणि शेवटची एसटी गाठायची, बस्स! आणि स्थळ तरी कुठलं? मुळा नदीला धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, वरची खडकाळ टेकडी तेवढी बेट होऊन राहिली, तिथलं! आमची भागिरथी नगरात नळाचं पाणी पिऊन वाढलेली, ती काय शेळ्यांमागं खडक चढणार? पण बायको म्हणाली, "पोरीच्या मनात भरलाय तो. निदान बघून तरी नाही म्हणा!"

गेलो. काठावर उभं राहून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, तेव्हा कुठं तराफा आला. बेटावर रीत काय, तर सरपण कमी, म्हणून पाहुणा आला की एकाच घरी चूल पेटवायची आणि सगळ्या वाडीनं तिथंच जेवायचं! आता सगळ्या वाडीदेखत, तोंडात भाकरी असताना, 'नाही' म्हणता येतं का हो? आणि मला तर शेवटची एसटी गाठायची होती!

म्हटलं, परतताना पाण्यावर सांगू. तराफ्यावर बांबू घेऊन नवरा मुलगाच उभा, जालिंदर. म्हटलं, "सरळ काठाला घे बाबा!" तर हा वळला डावीकडं!

"अरे, इकडं कुठं?"

"भामाआत्याचं घर हाय खाली. आढ्यावरनं कसं जायाचं, मामा?"

"अरे, भामाआत्या तर आत्ता मला भाकरी वाढत होती!"

"व्हय, पन घर खालीच हाय न्हवं!"

मग कुणाचा गोठा आला, वळसा! कुणाचं तुळशीवृंदावन, वळसा! मला एसटी गाठायचीय रे, एसटी! तर म्हणतो, "मामा, गावाची येस आली. मारुती हाय, पायातलं काढा." काढायला वाकलो, तराफा डुलला... डुबुक!

"मेलो! बूट बुडाला!"

"बुडाला न्हाई, मामा. गावात पडलाय."

आणि तिकडं काठावर धुरळा... गेली एसटी! मी चवताळून तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुमी न्हाई म्हनायला आलाय, ठावं हाय मला. आई म्हनली हुती, आज सरळ ने, पाव्हन्याची एसटी चुकंल. पन आत्याच्या आढ्यावरनं... बांबूच न्हाई उचलत, मामा."

म्हटलं, बुडालेल्या घरालाही जो जपतो, तो माझ्या लेकीला जपणार नाही होय! ओठावर आलेलं 'नाही' गिळलं, एका पायात बूट, तसाच बेटावर परत गेलो, आणि पुन्हा सगळ्या वाडीदेखत, भाकरी तोंडात असताना, 'हो' म्हणालो.

लग्न झालं, वर्ष झालं, पण मेहुणा काही सोडत नाही. "दाजी, दुसरा बूट?"

म्हटलं, "लेकीच्या सासरी आहे, वेशीपाशी. जा, घेऊन या... परतीची एसटी मात्र विसरा!"