कडी उघडायचीही असते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या गुणवत्ताप्रमुख मोजपट्टीबाई (हे नाव कामगारांनी ठेवलं, मी फक्त मोठ्यानं म्हणतोय), आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मागच्या भिंतीवर ते गुणवत्तेचं प्रमाणपत्र दिसतंय ना? त्याची खरी किंमत सांगतो. फी भरली ती वेगळीच. वर एक अख्खा दिवस दुकानातल्या डगमगत्या स्टुलावर, आणि तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या बोलघेवड्याला कुलूपच महाग पडलं.

आपण दाराच्या कड्या करतो. ठरीव मापाचा माल. खोक्यात भरला की चालला दुकानात. खोक्यावर हत्ती: ‘हत्तीनं ढकललं तरी उघडणार नाही!’ माझ्या घरात तर प्रत्येक दाराला आपलीच कडी, हे मी छाती फुगवून सांगत आलोय.

गेल्या वर्षी या प्रमाणपत्राचे तपासनीस आले. म्हणाले, “ग्राहकाची गरज कशी ओळखता?”

“साहेब, आमचा ग्राहक बोलतच नाही. खोकं उचलतो नि जातो.”

“मग गरज ठरवतं कोण?”

“मीच की!”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि महिन्याची मुदत दिली. प्रमाणपत्र गेलं असतं तर रुग्णालयांना कड्या पुरवायचं काम गेलं असतं, आणि दुसऱ्या पाळीतली मंडळी आज इथं टाळ्या वाजवायला नसती.

बाई म्हणाल्या, “ग्राहक बोलतो, मालक. आपल्याशी नाही, दुकानदाराशी. चला माझ्याबरोबर, आणि मेहेरबानी करून गप्प बसा.”

बसलो. दुपारी एक आजी आल्या. दुकानदारानं आपलं खोकं पुढं केलं.

“हे हत्तीचं नको रे बाबा! आमचे हे न्हाणीघरात अडकले होते. साबणाच्या हातानं सरकेचना. शेवटी सुतार बोलावून दार तोडलं.”

“पण आजी, मजबूत आहे.”

“ते कळलं! तोडताना सुतारही तेच म्हणत होता.”

दुकानदार माझ्याकडे बघेना. मी छताकडे बघत होतो.

कडी लावायची असते हे मला ठाऊक होतं. ती उघडायचीही असते, हे कुणी मागणीत लिहून देतं का? न सांगितलेली गरज म्हणतात ती हीच. बाईंनी कडीची मूठ मोठी केली, सरकपट्टी गुळगुळीत करून घेतली. आता दर खेपेतल्या काही कड्या साबणाच्या ओल्या हातानं उघडून बघतात, आणि दुकानदारांना विचारल्याशिवाय महिना जात नाही.

मी भीतभीत विचारलं, “आणि हत्ती?”

“हत्तीला आपण गिऱ्हाईक धरलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

तपासनीस परत आले. त्यांनी स्वतः हाताला साबण लावला, कडी सरकवली आणि हसले. मी मालाच्या पोत्यावरच बसलो. प्रमाणपत्र राहिलं. तेव्हा बाई आज निवृत्त होताहेत म्हणून मी सुटलो, असं कुणी समजू नका. सुटलो तो त्या दिवशी, त्यांच्यामुळे! कड्यांच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण माझ्यावर वरकडी केली ती यांनीच.

बाई, तुमचे आभार. संयोजकांचे आभार, आणि माझं एवढं चऱ्हाट ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचेही. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

एक दुरुस्ती मात्र आत्ताच करतो, कारण पहिल्या रांगेतून बायको मघापासून मान हलवतेय. आमच्या न्हाणीघराला कडी दुसऱ्या कंपनीची आहे. आईला आपली उघडत नव्हती.