आपल्यात कसली पावती!

नक्को हो, चहाचं नावच नक्को! तुम्हाला सांगतो, चार महिन्यांत एकनाथरावांच्या घरी सोळा कप चहा प्यालो, बिस्किटं तर मोजलीच नाहीत, आणि आणायला काय गेलो होतो? माझे दोन लाख! माझे कसले, वंदनाचे... बायको माझी. गौलीगुड्यात दोन खोल्यांत अकरा वर्षं शिकवण्या घेतल्या तिनं, पोरं पार ओट्याला टेकून बसायची. एकच हट्ट, स्वतःचं घर पाहिजे आणि त्याला गॅलरी पाहिजे.

तर मलकपेठेत फ्लॅट मिळाला. मालक एकनाथराव. बोलता बोलता निघालं, त्यांचे आजोबा आमच्या आजोबांच्या शेजारच्या गावचे. झालं! अहो, जन्म गेला भाजीवाल्याशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी उर्दूत भांडण्यात, आणि इथं मालक म्हणतो, "या, हातपाय धुवा, बसा!" भरून आलं हो मला. वंदनानं त्यांच्या बायकोची, वहिनींची, ओटी भरली, मी नारळासोबत दोन लाख बयाणा ठेवला, रोख, आणि भीतभीत म्हटलं, "पावती...?" एकनाथरावांनी असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो! "आपल्यात कसली पावती, उदयराव?" आणि मीच लाजलो!

पुढं काय? बँकेचा वकील म्हणाला, "साब, कागज पे इनकी बहन की सही नै है. लोन नै होता." म्हणजे फ्लॅटमध्ये एकनाथरावांच्या बहिणीचाही हिस्सा! करारावर सही व्हायच्या आत कळलं, नशीब! म्हटलं, जाऊ, बयाणा घेऊ, मोकळे होऊ. गेलो. "पैसे कुठं पळतात हो? आधी चहा घ्या." पुढच्या शनिवारी, "मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्याला दिले, येतीलच." त्याच्या पुढच्या शनिवारी आवाज चढवला, म्हटलं, दोन ओळी लिहून तरी द्या! तर आतून वहिनी, "भाऊजी, वंदनाताईंनी ओटी भरली ना माझी? आणि आता लिहून मागता?" आपल्यात कसली पावती! परत चहा. पोलिसात जाऊ? ते विचारणार, कागद कुठंय? नारळ दाखवू? त्याच्या तर वड्या करून खाल्ल्या त्यांनी!

आणि घरी वंदना? शिकवणीची एक बॅच वाढवली तिनं. गॅलरीसाठी आणलेली मोगऱ्याची कुंडी गॅसच्या शेजारी ठेवलीय, पानं पिवळी पडलीत.

मग गेल्या महिन्यात एकनाथरावांचाच फोन, "या, तुमचं काम झालं!" धावत गेलो. बघतो तर एक जोडपं बसलेलं, सारंग आणि मानसी, पुण्याचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत, इथं येऊन आठ महिने झालेले. एकनाथराव माझ्या कानात, "यांचा बयाणा आला की तुमचे दोन लाख तिथल्या तिथं." आणि गेले आत, चहा सांगायला! तेवढ्यात तो पोरगा माझ्याकडं सरकला, "काका, तुम्ही इथलेच ना? माणूस कसा आहे? पावती मागितली तर राग नाही ना येणार?"

आता तुम्हीच सांगा... काय करायला पाहिजे होतं मी? बहिणीची सही अगदी ओठावर आली होती, देवाशप्पथ! पण ती कुंडी डोळ्यांपुढं आली... आणि माझ्याच तोंडून निघालं, "छे हो! आपल्यात कसली पावती!"

दोन लाख मिळाले. वंदनाच्या हातात दिले. ती म्हणते, "बघा, दिले की नाही? शेवटी आपल्यातलेच." लाज वाटते हो, फार लाज वाटते... सांगणार कुणाला?

आणि आज सकाळी सारंगचा फोन! "काका, बँक नाही म्हणते, बहिणीची सही नाही म्हणे. तुमची ओळख आहे, जरा शब्द टाकाल?" म्हटलं, ये घरी, बोलू. आलाय बिचारा. बसलाय पुढच्या खोलीत... आणि मी इथं आत, दार लोटून, काय करतोय?

चहा टाकतोय.