चाखायची, गिळायची नाही

विश्रांतवाडीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

“बाबा, हॉटेलात नोकरी लागली. देशोदेशीच्या वाइन चाखायच्या. उद्या जाऊ ना?”

“मैत्री, पंचशील रोज म्हणतेस. मद्य घेणार नाही, असं.”

“घेत नाहीच. तोंडात फिरवायची, चव ओळखायची आणि थुंकायची.”

“एवढी महागाची थुंकतात?”

“सगळेच. आणि चव ओळखायला तुम्हीच शिकवलंत. गावी डोळे मिटायला लावून विचारायचात, हे कुठल्या विहिरीचं पाणी?”

“कधी चुकली नाहीस.”

“आज नोकरीच्या परीक्षेत चुकले, तरी घेतलं. फ्रान्सची ओळखली, इटलीची नाही.”

बस आली. वडील हलले नाहीत.

“इटलीची उद्या परत चाख. घाई करू नकोस, पाणी ठेवायचीस तशी थोडा वेळ जिभेवर ठेव. आणि थुंक.”