रिकामं आवर्तन

अगं पण मी नाही कुठं म्हणतोय? बस तर आधी. राजेंद्रनगरहून वैशालीपर्यंत मेट्रोत उभी राहून आलीस, प्रिलिम तोंडावर आलीय, आणि कशासाठी, तर दोन वर्षांपूर्वीच्या एका रेकॉर्डिंगसाठी — अक्षया, तुझ्या वडिलांनी हिंगोलीहून तुला दिल्लीला कलेक्टर व्हायला पाठवलंय की गाणी म्हणायला? राधा, दोन चहा टाक गं! — हां, तर काय म्हणत होतो, वाळिंबे बंधू. त्यांची नवी चाल आली, आपल्या अख्ख्या मराठी मंडळानं ऐकली, मी तर तीस वेळा ऐकली, आणि तू काय लिहिलंस ग्रुपवर? अशीच चाल मला दोन वर्षांपूर्वी सुचली होती. वा! ज्यांची गाणी ऐकत तू लहानाची मोठी झालीस, त्यांना साठीत जे सुचलं ते तुला बाविसाव्या वर्षी? लहान तोंडी मोठा घास. लोक हसणार नाहीत तर काय आरती ओवाळतील?

नाही, चोर तुला मी म्हटलं नाही. मी एवढंच लिहिलं, की असले योगायोग आधी यूट्यूबवर सापडतात आणि मग लोकांना सुचतात. बस. त्याखाली चाळीस जणांनी दात काढले, त्याला मी काय करू यार?

आठवतं ना — बिल्कुल आठवतं. दिवाळी पहाटेची तालीम, ह्याच खोलीत. तुम्हा पोरांचे फोन त्या टोपलीत, रेकॉर्डिंग फक्त माझ्या फोनवर, आणि ते बाहेर जात नाही — मंडळाचा नियम, म्हणजे माझाच. तू आजीची जात्यावरची ओवी आणली होतीस, चाल तुझी. मी पेटीवर, श्याम तबल्यावर. आणि ओळीचा शेवटचा शब्द आला की बाई गप्प! तबला एकटाच चाललाय, सोळाच्या सोळा मात्रा मोजल्या मी, अख्खं आवर्तन रिकामं, वाटलं शब्द विसरली — आणि मग समेवर, खालच्या सप्तकात, अगदी हलकेच तो शब्द. वाळिंब्यांनी हेच केलंय. सूर तेच, थांबणं तेच, फक्त शब्द वेगळे. काटा आला गं अंगावर — त्यांचं ऐकताना म्हणतोय मी. तुझं ऐकताना मी पेटी बंद केली होती.

श्यामला फोन केला होतास ना, मानेसरला? माहितीय. त्यानं लगेच मला विचारलं, काका, काय सांगू? म्हटलं, आठवत नाही म्हण. त्याला अजून मंडळात वाजवायचंय, तेव्हा त्याला आठवत नाही. अशी बघू नकोस माझ्याकडे. तुला श्रेय नकोय, फक्त त्यांना ऐकवायचंय, कळलं मला. धाकट्या वाळिंबेबुवांचा मेसेज दाखवलास की तू — शनिवारी दिल्लीत कार्यक्रम आहे, रेकॉर्डिंग घेऊन या, ऐकू आवडीनं. आवडीनं! चाळीस वर्षांत तीन पत्रं लिहिली मी त्यांना.

अगं, त्या रेकॉर्डिंगमध्ये तू एकटी नाहीस, मीपण आहे. पेटी बंद केल्याचा आवाज आहे, आणि मग मी — हे गाणं नव्हे, ही चूक आहे, असं कुणी करत नाही. स्पष्ट ऐकू येतं. आता शनिवारी त्यांच्या पुढ्यात बसून मी स्वतःचा तो आवाज ऐकू? मी बांधलेल्या चाली किती माहितीय? पंचवीस. त्यांची नवी रेकॉर्ड आली की आधी शोधायचो, एखादी जागा, एखादी मुरकी माझ्यासारखी निघेल. एकदा तरी. एकही नाही निघाली. आणि तू दोन वर्षांची पाहुणी, दिल्लीहून उद्या निघून जाशील, तुला गाणं कशाला हवंय? तुला ती सुचलीच का?

आहे, डिलीट नाही केलेलं. हे बघ, तारखेसकट. ऐक. —

ऐकलंस? — छान गातेस गं. खरंच छान, मला तेव्हाही माहीत होतं. — अंहं, हात नको लावू, फोन माझा आहे. फक्त एवढं बोट इथं ठेवायचं, आणि मग तो विचारतो, नक्की ना —

झालं.

ऊठ आता. आणि शनिवारी ये हं. मागे कुठंतरी बस, आणि ती जागा आली की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजव.